चौकटीवरची अक्षरं

१९६०-७०च्या दशकांत अमेरिकेहून काका किंवा मामा सुट्टीवर आले, की काही घरांत एक कार्यक्रम ठरलेला असे. भिंतीवर पांढरी चादर, खोलीत अंधार, प्रोजेक्टरची घरघर आणि चादरीवर नायगारा! त्या स्लाइड्स आज कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतात. त्या स्कॅन करायचं ठरतं आणि वाद सुरू होतो. दुकानात द्यायच्या, की घरीच करायच्या?

वाद तसा जुनाच आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. शंभर फोटो काढून झाले की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. बटण दाबणं गिऱ्हाइकाचं, बाकी सारं कंपनीचं. १९३६ मध्ये साध्या कॅमेऱ्यांसाठी कोडॅक्रोम ही रंगीत स्लाइड-फिल्म आली. ती शोधणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघे मूळचे संगीतकार. या फिल्ममध्ये रंग भरले जात ते रोल धुताना, आणि ते काम इतकं किचकट, की घरी करणं जवळपास अशक्य. अमेरिकेत १९५४ पर्यंत धुण्याचे पैसे फिल्मच्या किमतीतच घेतले जात. रोल टपालाने जाई आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या स्लाइड्स परत येत.

गंमत म्हणजे, संगणकावरच्या स्कॅनिंगची सुरुवात घरच्या फोटोनेच झाली. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. आडवे १७६ ठिपके, उभे १७६. पुढे १९९२ मध्ये कोडॅकची ‘फोटो सीडी’ आली. फिल्म दुकानात द्यायची आणि तबकडी घेऊन यायचं. एका तबकडीत सुमारे शंभर फोटो मावत. काही वर्षांतच तिचा जमाना संपला. स्लाइड मात्र आजही खिडकीपाशी धरली की दिसते. म्हणून पहिला नियम: स्कॅन कुठेही करा, मूळ स्लाइड टाकून देऊ नका.

आता हिशेब पाहू. स्लाइडमधलं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं. इंचाला ४००० ठिपके या मापाने स्कॅन केलं, तर सुमारे २ कोटी १० लाख ठिपके मिळतात. घरी एका स्लाइडला पुसणं-बसवणं धरून पाच मिनिटं लागली, तर ५०० स्लाइड्सना ४० तासांहून अधिक वेळ जाणार. दुकानात हा वेळ वाचतो, यंत्रही चांगलं असतं. पण तिथेही विचारून घ्यावं. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेड सोय कोडॅक्रोमवर नीट चालत नाही. चित्रातला एखादा भागच धूळ समजून पुसला जाऊ शकतो. आपल्या दमट हवेत स्लाइडला बुरशी आली असेल, तर पाणी लावू नये. बुरशीने खाल्लेला थर पाण्याने विरघळू शकतो.

खरी गोष्ट निराळीच आहे. स्कॅनर वाचतो ती फक्त फिल्म, चौकट नाही. चौकटीवर बऱ्याचदा रोल धुतल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं असतं, ‘दादा-वहिनी, शिकागो’. ही अक्षरं स्कॅनमध्ये येत नाहीत. म्हणून आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. कोण, कुठे, केव्हा ते विचारून वहीत उतरवा. चौकटींना क्रमांक द्या, मोबाइलवर त्यांचे फोटो काढा. धूसर स्लाइड्स बाजूला ठेवा. मग निवडक दहा दुकानात देऊन पाहा आणि काम पसंत पडलं तर बाकीच्या द्या.

कोडॅक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती. ३० डिसेंबर २०१० नंतर तिने कोडॅक्रोमचे नवे रोल घेणं थांबवलं. ज्यांचे रोल धुवायचे राहिले, त्यांचे रंग कायमचे गेले. स्लाइडमधल्या माणसांना ओळखणाऱ्यांचंही तसंच आहे. स्कॅनिंगचं दुकान पुढच्या वर्षीही मिळेल. ‘ही कोण?’ या प्रश्नाचं उत्तर देणारी आत्या मात्र आज घरात आहे, तोवरच विचारून घ्यायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)