दादरचा मुक्काम

बबीना ही झाशीच्या दक्षिणेची लष्करी छावणी. तिथल्या माणसाला डॉक्टरांनी ‘टाटाला दाखवा’, म्हणजे मुंबईत परेलच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जा, म्हटले, की तो झाशीला येऊन पंजाब मेल धरतो आणि दुसऱ्या दिवशी दादरला उतरतो. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडे माफ आहे, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के. प्रवास निभतो. प्रश्न उभा राहतो तो हातात पिशवी आणि फाईल घेऊन फलाटावर उतरल्यावर: आज रात्री राहायचे कुठे?

रुग्णालयात खाट मिळेल, असे गावाकडच्या माणसाला वाटत असते. पण कॅन्सरचे बरेचसे उपचार खाटेवर होतच नाहीत. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतात आणि दर वेळी काही मिनिटांत आटोपतात. किमो पुष्कळदा सकाळी चढवून संध्याकाळी घरी सोडतात, की पुढची तीन आठवड्यांनी. ‘घरी’ म्हणजे बबीन्याला हजार किलोमीटर जाणार कसे? आणि किमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा संसर्गही जिवावर बेततो. अशा माणसाने परेलच्या फुटपाथवर झोपायचे? म्हणून मी धर्मशाळेला दानधर्माच्या खात्यात घालत नाही, उपचाराच्याच खात्यात घालतो.

महाराष्ट्रात हे फार आधी ओळखले ते गाडगेबाबांनी. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या त्यांच्या धर्मशाळा यात्रेकरूंसाठी होत्या. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली, ती १९५४ साली, आजाऱ्याच्या नातलगांसाठी. तीर्थाच्या वाटेवरची ही सोय इस्पितळाच्या दाराशी नेणे, हे मला त्यांच्या कामातले फार मोठे पाऊल वाटते. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले.

त्यांच्या नावाची दादर पूर्वेची धर्मशाळा हीच वाट पुढे चालवते. परेलचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले आणि साऱ्या देशातून माणसे तिथे येऊ लागली. दादरच्या खोल्यांत टाटाच्या रुग्णांची गर्दी असते, ती त्यामुळेच. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, सगळे एका छताखाली. भाडे नाममात्र, जेवणाला दात्यांचा हातभार. त्याहून मोलाचे म्हणजे शेजारच्या खाटेवरचा माणूस दोन महिने आधी आलेला असतो. कुठली खिडकी, कुठला कागद, उलटी झाल्यावर पोटात काय टिकते, हे तो सांगतो.

इतरही पुढे आले. परेलला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून आहे. मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाने टाटाचेच वसतिगृह वांद्र्याला आहे. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड ही संस्था २००६ साली आठ कुटुंबांपासून सुरू झाली. तिथे राहणे फुकट असते आणि आई स्वतःच्या हाताने मुलाचे जेवण रांधू शकते.

तरीही जागा पुरत नाहीत. २०२१ साली म्हाडाने टाटाच्या रुग्णांसाठी लालबागच्या शंभर सदनिका देऊ केल्या. स्थानिक रहिवाशांच्या तक्रारीनंतर तो निर्णय थांबला आणि काही दिवसांतच त्याऐवजी बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या सदनिका देण्याचे ठरले. कॅन्सर शेजाऱ्याला लागत नाही, हे अजून सांगावे लागते, याचे फार वाईट वाटते.

बबीन्याच्या माणसापुढे आता दुसरी वाटही आहे. टाटा मेमोरियलचे वाराणसीचे महामना मालवीय कॅन्सर केंद्र २०१९ साली सुरू झाले, ते त्याला मुंबईहून कितीतरी जवळ. तिथेही राहण्याचा प्रश्न सुटत नाही, म्हणून सेंट ज्यूड तिथेही गेली. मुंबईलाच यायचे असेल, तर स्टेशनबाहेरच्या लॉजवाल्याकडे पैसे टाकण्याआधी फाईल घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. कुठल्या धर्मशाळेत जागा मिळू शकेल याची चौकशी तिथूनच सुरू करावी आणि लागणारी चिठ्ठी तिथेच मागावी.