थॉमस जहाजावरची शिक्षक जोडपी

स्पेनने 10 डिसेंबर 1898 च्या पॅरिस तहान्वये फिलिपीन्स बेटे दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेच्या हवाली केली, आणि पुढच्याच फेब्रुवारीत स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फिलिपिनो सैन्याशी युद्ध पेटल्यावर अमेरिकी लष्कराने ताब्यात आलेल्या गावांत शाळा उघडून आपल्या शिपायांनाच शिकवायला बसवले. या तात्पुरत्या सोयीला 21 जानेवारी 1901 रोजी कायद्याचे अधिष्ठान मिळाले. बेटांचा कारभार हाती घेऊ लागलेल्या फिलिपीन आयोगाने त्या दिवशी संमत केलेल्या 74 क्रमांकाच्या कायद्याने सरकारी शाळांचे माध्यम शक्य तितक्या लवकर इंग्रजी व्हावे असे ठरवले आणि दरमहा 75 ते 125 डॉलर पगारावर अमेरिकेतून एक हजारापर्यंत प्रशिक्षित शिक्षक आणण्याची मुभा दिली.

त्यानुसार 23 जुलै 1901 रोजी ‘थॉमस’ हे लष्करी वाहतुकीचे जहाज पाचशेच्या आसपास शिक्षक घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले व ऑगस्टच्या उत्तरार्धात मनिलाला लागले. या शिक्षकांना, आणि पुढे त्यांच्यामागून आलेल्यांनाही, ‘थॉमसाइट’ म्हटले जाऊ लागले. त्यांत अविवाहित तरुण-तरुणी पुष्कळ होते, तशीच पती-पत्नी दोघेही शिक्षक असलेली जोडपीही होती. मिशिगनचे हॅरी व मेरी कोल लेते बेटावरील पालो या गावी राहिले, आणि त्यांनी माहेरी-सासरी धाडलेली पत्रे मिशिगन विद्यापीठाच्या ऐतिहासिक संग्रहात आजही जतन केलेली आहेत. अरुंद सामुद्रधुनीपलीकडच्या समार बेटावर, बालांगिगा येथे, 28 सप्टेंबर 1901 रोजी गावकऱ्यांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला केला आणि त्याचा सूड म्हणून लष्कराने ते बेट उद्ध्वस्त केले. म्हणजे ही जोडपी शाळा मांडत होती ती धुमसत्या युद्धभूमीलगत. मार्च 1902 पासून पटकीच्या साथीने त्यात भर घातली आणि पुढील दोन वर्षांत बेटांवर एक लाखाहून अधिक माणसे दगावली.

वर्गात शिक्षकाला मुलांची वाराय भाषा येत नसे, स्पॅनिश मूठभर घरांतच समजे. त्यामुळे टोपी, पुस्तक, खिडकी असे जे समोर असेल ते हाताने दाखवून त्याचे इंग्रजी नाव उच्चारायचे आणि सगळ्या वर्गाने ते एका सुरात म्हणायचे, अशी वस्तुपाठाची पद्धत चालली. पाठ्यपुस्तके मात्र अमेरिकेतून आलेली असल्याने, ज्या मुलांनी सफरचंद चाखले नव्हते आणि बर्फ पाहिला नव्हता, त्यांना वाचनाचे धडे त्याच वस्तूंचे मिळाले. ही विसंगती शिक्षकांच्याही ध्यानात आली, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. थॉमसाइट मेरी हेलन फी यांनी स्थानिक मुलांसाठी वाचनपुस्तके तयार करण्यात पुढाकार घेतला.

हिंदुस्थानात मेकॉलेच्या 1835 च्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षण वरच्या मोजक्या वर्गाला द्यावे व ते त्यांच्याकडून खाली झिरपावे, अशी सरकारची धारणा होती, तर फिलिपीन्समध्ये तीच भाषा गावागावातील पहिल्या इयत्तेपासून सर्वांना शिकवली गेली. हा फरक मोलाचा आहे, कारण कुळवाड्याच्या मुलामुलींनाही शाळेचे दार त्यामुळे खुले झाले. परंतु त्याच दाराबाहेर त्यांची स्वतःची भाषा ठेवली गेली, आणि या शिक्षक जोडप्यांची कळकळ कितीही खरी असली तरी ती ज्या धोरणाच्या सेवेत राबली त्या धोरणाचा दोष तिने धुऊन निघत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे पॉल मन्रो यांच्या नेतृत्वाखालील 1925 च्या पाहणीनेही परक्या माध्यमाचा भार मुलांच्या शिकण्यावर कसा पडतो हे दाखवले होते, आणि इतिहासकार रेनातो कॉन्स्तांतिनो यांनी 1966 मध्ये या साऱ्या शिक्षणाला गुलामगिरीचे साधन ठरवले. 1987 च्या फिलिपीन्स राज्यघटनेत फिलिपिनो ही राष्ट्रभाषा आहे, आणि तिच्या जोडीला इंग्रजीही अधिकृत भाषा म्हणून कायम आहे.