हाताचं वळण

मंडळी, विषय वाचून काहीजण नक्की म्हणणार, "मास्तर, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलात, आता हे अमेरिकन फुटबॉलचं काय नवीन खूळ?" प्रश्न रास्त आहे. नातू ओहायोत नववीत शिकतो. शाळेच्या संघात क्वार्टरबॅक व्हायचं त्याच्या मनात आहे. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, माझ्या हातात जोर आहे, पण चेंडू भलतीकडेच जातो. कोच म्हणतात, फेकायची पद्धत बदल. पण आता बदलते का हो ती?"

आता गंमत बघा. हाच प्रश्न मी कितीतरी वर्षं वर्गात ऐकलाय, फक्त तिथे तो अक्षराबद्दल असायचा. "सर, याचं अक्षर आता सुधारेल का?" आपल्या भाषेत अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लावतात, आणि एकदा लागलेलं वळण सुटत नाही असंही म्हणतात. म्हटलं, बघू तरी या फेकीच्या वळणाचा इतिहास काय सांगतो ते. शोधायला बसलो आणि गुंतलोच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात पायाचं काम कमी आणि हाताचं जास्त. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि समोरून धिप्पाड गडी अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला तो धावत्या साथीदाराकडे अचूक फेकायचा असतो. आज हा खेळ या फेकीवर उभा आहे. पण सुरुवातीला पुढे फेकायला परवानगीच नव्हती! चेंडू छातीशी धरायचा आणि घोळक्यात घुसायचं. १९०५ च्या हंगामात या रेटारेटीत किमान १८ तरुण जिवानिशी गेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं सांगितलं. काही विद्यापीठांनी तर खेळच बंद केला. शेवटी १९०६ मध्ये नियम बदलले आणि पुढे फेकायची मुभा मिळाली. घोळका पांगावा, पोरं वाचावीत हा एक मोठा हेतू होता. म्हणजे आज आपण जिला कौशल्य म्हणून दाद देतो ती फेक जन्माला आली ती जीव वाचवण्याच्या खटपटीतून.

५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा इथे सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिली कायदेशीर फेक केली. ती वाया गेली! तेव्हाच्या नियमाप्रमाणे कुणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला की तो सरळ प्रतिस्पर्ध्याला मिळायचा. पण त्याच सामन्यात पुढची फेक जॅक श्नायडरने झेलली आणि गुण मिळाले. त्यांचे प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी त्या उन्हाळ्यात पोरांना एका तळ्याकाठी नेऊन कसून सराव करून घेतला होता. तेव्हाचा चेंडू चांगला गरगरीत होता, बरेच जण तो तळहातावर ठेवून ढकलायचे. कोकम्सनी सांगितलं की चेंडूचा निमुळता भाग शोधा, तिथल्या शिवणीच्या दोरीवर बोटं रोवा आणि मनगटाच्या पिळाने तो लांबीच्या आसाभोवती फिरेल असा सोडा. भोवरा फिरला की तोल सांभाळतो, तसाच हा चेंडूही फिरत गेला की हवेत डगमगत नाही. याला ते 'स्पायरल' म्हणतात.

पुढे १९१३ च्या उन्हाळ्यात नोत्र दामचे दोन विद्यार्थी, गस डोरे आणि क्नूट रॉक्नी, ओहायोतल्याच सीडर पॉइंटला सुट्टीतली नोकरी करत होते. फावल्या वेळात ईरी सरोवराच्या वाळूत एकजण फेकायचा, दुसरा धावत झेलायचा. १ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यांनी आर्मीच्या बलाढ्य संघाला ३५-१३ असं हरवलं. डोरेच्या १७ पैकी १४ फेकी झेलल्या गेल्या, २४३ यार्ड मिळाले. पुष्कळदा सांगतात की फेकीचा शोध या दोघांनी लावला. तसं नाही, हे वर आलंच आहे. त्यांनी दाखवलं ते एवढंच, की सरावाने फेकीवर भरवसा ठेवता येतो.

इतिहासाच्या मास्तरला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. दरम्यान चेंडूही बदलत होता. १९१२ मध्ये तो सडपातळ झाला. १९३४ मध्ये आडवा घेर आणखी कमी होऊन २१¼ ते २१½ इंचांवर आला. मग मुठीत मावू लागला आणि सॅमी बॉसारखे फेकणारे निपजले. टेक्सासमधला हा मुलगा परसात झाडाला मोटारीचा जुना टायर टांगायचा, त्याला झोका द्यायचा आणि स्वतः पळत पळत त्यातून चेंडू आरपार घालायचा. १९३७ मध्ये व्यावसायिक खेळात आला आणि पहिल्याच वर्षी संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. यावरून मनात आलं, की दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हाती मोठ्यांचा चेंडू देणं म्हणजे त्याला १९०६ सालात नेऊन उभं करणं! बोटं पुरत नाहीत, मग तो खांद्याने ढकलतो आणि तेच वळण पडतं. वयाप्रमाणे लहान चेंडू मिळतात, तोच द्यावा. आपण पहिलीच्या मुलाला जाड पेन्सिल देतो की नाही?

हात झाला, चेंडू झाला. पायांकडे लक्ष जायला आणखी काही दशकं लागली. बिल वॉल्श या प्रशिक्षकाने सिनसिनाटीत आणि मग सॅन फ्रान्सिस्कोत पावलांचा हिशेबच मांडला. क्वार्टरबॅकने मागे तीन पावलं टाकायची, पाच की सात, हे साथीदार किती लांब धावणार त्यावरून ठरलेलं. शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू निघालाच पाहिजे. १९७९ मध्ये ८२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला जो मोंटाना हा त्यांचा शिष्य. त्याचा हात काही सगळ्यांत दणकट नव्हता, पण पाय तालात असायचे. या जोडीने तीन सुपर बोल जिंकले.

आपल्याकडे शेताच्या राखणीला गोफण फिरवणारा माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. दगड सुटतो हातातून, पण जोर येतो टाचेतून आणि कमरेतून. क्वार्टरबॅकचंही तसंच. पाय खांद्याइतके फाकलेले, भार मागच्या पायावर. निशाणाच्या दिशेने आखूड पाऊल, कारण पाऊल लांब पडलं तर चेंडू डोक्यावरून जातो. मग आधी कंबर वळते, तिच्यामागून खांदा, त्यामागून कोपर, शेवटी मनगट. कोपर खांद्याच्या खाली लोंबकळलं तर फेक ढकलल्यासारखी होते. दुसरा हात छातीशी ओढून घ्यायचा, नाहीतर अंग अकाली उघडतं. तर्जनी चेंडूवरून सगळ्यांत शेवटी सुटते आणि हात विरुद्ध कमरेकडे उतरतो. हा क्रम चुकला की सगळा भार एकट्या खांद्यावर येतो. बेसबॉलचे जुने गोलंदाज टॉम हाउस यांनी हे शास्त्र फुटबॉलमध्ये आणलं, टॉम ब्रेडीसारखे मुरलेले खेळाडूही त्यांच्याकडे शिकायला गेले. अर्थात बेसबॉलचा चेंडू सुमारे १४५ ग्रॅमचा आणि हा ४०० ग्रॅमच्या वर, तेव्हा हुबेहूब नक्कल चालत नाही.

सरावाची रीतही साधी आहे. आधी एक गुडघा टेकून जवळ फेकायचं, म्हणजे फक्त वरच्या अंगाकडे लक्ष राहतं. मग उभं राहून, मग पावलं टाकून, शेवटी पळत. अंतर हळूहळू वाढवायचं. एका वेळी एकच दुरुस्ती. आणि खांदा किंवा कोपर दुखलं की थांबायचं, डॉक्टरांना दाखवायचं; वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. जॉनी युनायटस हा तर या खेळातला महापुरुष. १९५५ मध्ये पिट्सबर्गने त्याला काढून टाकलं, तेव्हा तो सामन्याला सहा डॉलर घेऊन गल्लीतल्या संघातून खेळला आणि १९५८ मध्ये बाल्टिमोरला विजेतेपद मिळवून दिलं. पण १९६८ मध्ये त्याचा हात दुखावला आणि उतारवयात त्याच उजव्या हाताची पकड जवळजवळ गेली. हात जन्मभर पुरवायचा असतो, हे पंधराव्या वर्षी कुणाला पटत नाही, म्हणून मोठ्यांनी ते लक्षात ठेवायचं.

आता मूळ प्रश्न. बदलतं का वळण? दोन उदाहरणं देतो.

टिम टीबो. २००७ चा हाइझमन पुरस्कार, महाविद्यालयीन खेळाचा हिरो. त्याचा हात आधी खाली कमरेकडे जाऊन मोठा वळसा घालून वर यायचा. २०१० मध्ये व्यावसायिक संघात जाण्यापूर्वी त्याने तो वळसा आखूड करण्यासाठी कष्ट घेतले. पण गर्दी अंगावर आली की जुनं वळण परत यायचं. २०११ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी, ४६.५ टक्के फेकी झेलल्या गेल्या. ८ जानेवारी २०१२ ला एका फेकीवर पिट्सबर्गला हरवलं खरं, पण क्वार्टरबॅक म्हणून तो टिकला नाही.

दुसरा जॉश ॲलन, कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा. हातात तोफ, पण नेम नाही. २०१८ मध्ये बफेलोकडून त्याचं प्रमाण ५२.८ टक्के होतं. जाणकार म्हणायचे, नेम शिकवता येत नाही. सुट्टीच्या काळात जॉर्डन पामर या प्रशिक्षकाबरोबर तो पाय आणि कमरेवर काम करत राहिला. २०१९ मध्ये ५८.८, २०२० मध्ये ६९.२! त्या वर्षी स्टेफॉन डिग्ज हा उत्तम झेलणारा संघात आला, तेही श्रेय धरायलाच हवं. २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

मला वाटतं, ॲलनने हाताशी झगडण्यापेक्षा पायांपासून सुरुवात केली, तिथे फरक पडला. अक्षर सुधारायचं तर आधी मुलाची बैठक सरळ करावी लागते, कागद नीट तिरपा ठेवावा लागतो. नुसतं "नीट काढ" म्हणून बोटांवर छडी मारून काही होत नाही. वळण सुटतं, पण ते मुळापासून सोडवावं लागतं, धीराने, आणि मूल घाबरलेलं नसताना.

तुमच्यापैकी कुणी मुलांना क्रिकेट, भालाफेक, तबला, काहीही शिकवत असाल तर तुमचा अनुभव जरूर लिहा. वाचायला आवडेल.