दिनविशेष : २१ मार्च
१९७३ : टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या शाळांच्या खर्चाबाबतच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरवले. डिमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि एजवूडचे इतर पालक हरले.

एजवूड ही प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या गरिबांची वस्ती. त्याच महानगर परिसरातले अलामो हाइट्स गोऱ्या सुखवस्तूंचे. घरपट्टीचा दर एजवूडमध्येच जास्त होता. पण तिथल्या घरांना किंमत ती कितीशी? स्थानिक करातून एजवूडमध्ये दर मुलामागे २६ डॉलर जमत, अलामो हाइट्समध्ये ३३३. सरकारी मदत धरूनही दरी उरत होतीच.

वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणे १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरले होते. तो खटला लढवणारे थर्गुड मार्शल या वेळी न्यायमूर्ती होते, आणि अल्पमतात. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग आजही अमेरिकेत स्थानिक घरपट्टीतून भागतो. त्यामुळे वर्णभेदाचा कायदा नसला तरी घराचा पत्ता तेच काम करतो. केंद्रीय न्यायालयाचे दार जवळपास बंद झाल्याने पालकांना राज्याराज्यांत वेगळे लढावे लागले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एजवूडला न्याय दिला, तो अर्थात त्या राज्यापुरताच.