पर्यटन आणि समृद्धी : श्रीलंकेच्या इतिहासाचा बोध

पर्यटन वाढले की देश समृद्ध होतो, हे विधान आज जवळजवळ सिद्धांतासारखे मांडले जाते. मध्यम उत्पन्नाच्या देशांना तर हा मार्ग आवर्जून सुचविला जातो. ज्या सिंहलद्वीपास बाबासाहेबांनी १९५० मध्ये बौद्ध परिषदेच्या निमित्ताने भेट दिली, त्याच्या इतिहासावर हे विधान आम्ही तपासून पाहत आहोत.

श्रीलंकेत १९६६ मध्ये शासकीय पर्यटन मंडळ स्थापन झाले. १९८२ मध्ये अनुराधपूर, पोलोन्नरुव आणि सिगिरिया यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या वर्षी सुमारे ४ लाख ७ हजार परदेशी पर्यटक आले. पुढच्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला आणि यादवी युद्ध पेटले. ते २००९ मध्ये संपले. त्या वर्षीचे पर्यटक होते सुमारे ४ लाख ४८ हजार. मधल्या काळात आकडा खालीवर झाला. पण सत्तावीस वर्षांचे फलित एवढेच. स्तूप तेच होते, समुद्रही तोच होता. लोप पावली होती ती मैत्री. बहुसंख्य बौद्धांच्या देशाविषयी हे लिहिताना क्लेश होतात, परंतु सत्य झाकणे हा धम्म नव्हे.

शांततेनंतर चित्र पालटले. २०१८ मध्ये २३ लाखांहून अधिक पर्यटक आले आणि सुमारे ४.४ अब्ज डॉलर मिळाले. मात्र एप्रिल २०१९ मधील बॉम्बस्फोट आणि त्यानंतरची कोरोनाची साथ यांमुळे २०२१ मध्ये ही संख्या २ लाखांच्याही खाली गेली. एप्रिल २०२२ मध्ये शासनाने परकीय कर्जाची परतफेड थांबविली. साचलेले कर्ज, २०१९ ची करकपात, २०२१ ची रासायनिक खतांवरील बंदी ही कारणेही होतीच. पण डॉलरची सर्वाधिक निकड असतानाच हा झरा आटला.

सिगालोवादसुत्तात भगवंतांनी गृहस्थास मिळकतीचा चौथा भाग आपत्काळासाठी राखण्यास सांगितले आहे. कूटदन्तसुत्तातील पुरोहित राजास आधी शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास वेतन देण्याचा सल्ला देतो. त्यातूनच राज्य निर्भय होते. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो : प्रथम उपजीविका, मग शांतता, आणि शांततेच्या मागून पाहुणा. पाहुण्याच्या भरवशावर घर उभे राहत नाही. उभ्या घरातच पाहुणा येतो.