हात कुणाचे हलायला हवेत?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी ऑनलाइन थेरपीचा विषय काढला की घरचे, नातेवाईक आणि पुष्कळदा खुद्द थेरपिस्टही एकच सांगतात: हात लावल्याशिवाय हे काम होत नाही. फोनवरची थेरपी हा नाइलाज होता, लॉकडाउनमध्ये चालून गेला, आता मुलाला सेंटरला न्या. हा पूर्वपक्ष हलका नाही. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये जी पद्धत उभी केली, तिचा आपल्याकडच्या फिजिओथेरपीवर मोठा ठसा आहे. मुलाच्या अंगातला ताठरपणा तळहाताने ओळखायचा, नेमक्या जागी आधार द्यायचा आणि हालचालीला वळण लावायचे, हे तिचे मर्म. कैची झालेले पाय सरावलेल्या हाताखाली सैल पडताना आईने पाहिलेले असतात. तिचा विश्वास त्यातून आलेला आहे.

पण सैल पडलेले पाय वेगळे आणि शिकलेले पाय वेगळे. मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या, फसलेल्या आणि पुन्हा करून पाहिलेल्या हालचालींतून. आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली, आणि पुन्हा २०२० साली, जगभरचे संशोधन चाळून उपचारांना सिग्नलचे रंग दिले. हिरव्या रंगात बसले ते ठरवलेल्या कामाचा सराव, दोन्ही हात मिळून करायचा सराव, चांगला हात अडवून दुबळ्या हाताला कामाला लावणे, आणि घरी करायचे कार्यक्रम. थेरपिस्टने हातपाय हलवायचे आणि मुलाने ते हलवून घ्यायचे, या प्रकाराला तिथे हिरवा रंग मिळालेला नाही.

तपासायला तरी हात लागतोच, असे यावर म्हटले जाते. काही बाबतीत लागतो, ते पुढे येईलच. पण सेरेब्रल पाल्सीची शंका फार लवकर पकडणारी एक तपासणी हाइन्झ प्रेख्टल यांनी दिली, आणि तिच्यात बाळाला हात लावायचाच नसतो. तीन महिन्यांचे बाळ उताणे ठेवायचे, काही मिनिटे चित्रीकरण करायचे आणि त्याच्या आपोआप होणाऱ्या हालचाली शिकलेल्या डोळ्यांनी पाहायच्या. खेळणेसुद्धा दाखवायचे नाही.

घरातल्या सत्राची ताकद कशात आहे, हे जेवणाच्या वेळी दिसते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला आहे, मूल मांडीवर आहे आणि आई भरवते आहे. पलीकडून थेरपिस्ट विचारते, “ताई, घरात लहान स्टूल आहे का?” स्टूल भिंतीच्या कोपऱ्यात सरकवले जाते, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधार. पाय टेकत नाहीत, म्हणून खाली पाट येतो. ताटली सरकू नये म्हणून तिच्याखाली ओला पंचा. चमच्याच्या दांड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली जाते, तेव्हा कुठे मुलाची मूठ त्यावर बसते. आईचा हात सवयीने त्याच्या कोपराखाली जातो. “हात काढा ताई. मनात दहा मोजा.” वरणभात सांडतो, पुन्हा सांडतो, आणि मग चमचा ओठाला लागतो. थेरपिस्ट समोर असती तर कोपराखाली तिचाच हात गेला असता. तो पोहोचत नाही म्हणून तिला आईला शिकवावे लागते, आणि आई शिकली की तो सराव रोजच्या जेवणात होत राहतो.

स्टूल आणि चमचा बदलणे ही काय थेरपी झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी मेरी लॉ आणि सहकाऱ्यांचा कॅनडातला २०११ सालचा अभ्यास पाहावा. १२८ लहान मुलांपैकी एका गटात मुलाच्या शरीरातल्या अडचणींवर काम झाले, दुसऱ्या गटात कामाची रीत आणि भोवतालची मांडणी बदलली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. म्हणूनच ओझे किती, हे मोजून बोलले पाहिजे. नोव्हाक यांच्याच २००९ सालच्या चाचणीत ३६ मुले होती. पालकांनी घरचा कार्यक्रम महिन्यातून सरासरी सतरा-अठरा वेळा केला, दर वेळी पाव तासाच्या आसपास. आठ आठवड्यांत कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुले रोजच्या कामांत पुढे गेली. रोज दोन तास व्यायाम करून घ्या, असे सांगणारा छापील कागद क्रूर असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आला म्हणून तो सौम्य होत नाही. ऑस्ट्रेलियात मिटी नावाचे वेबवरचे प्रशिक्षण शंभरावर मुलांवर तपासले गेले. वीस आठवडे, दिवसाला अर्धा तास असा बेत होता. फायदा दिसला, पण माफक, आणि सराव ठरल्यापेक्षा बराच कमी झाला. यावरून ऑनलाइनच निकामी ठरवणे मला पटत नाही. मुलाच्या दिवसाशी न जोडलेला सराव कुठेही मागे पडतो, सेंटरमध्येही.

उरला अंतराचा मुद्दा. मुलांमधले आजार आणि अपंगत्व लवकर शोधण्यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याच भागात मोखाड्याच्या पाड्यावरून मूल कडेवर घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, तर एका थेरपीसाठी दिवसाची मजुरी बुडते. ऑन्टारिओतल्या ६५७ मुलांच्या नोंदींवरून २००२ साली दिसले की, मूल जी शारीरिक हालचाल पुढे कमावणार असते तिच्यातली सुमारे ९० टक्के पाच वर्षांच्या आतच कमावते. हुकलेल्या फेऱ्या याच वर्षांतल्या असतात. अशा पाड्यांवर फोनला रेंज मिळत नाही, हा आक्षेप खरा. तमिळनाडूतल्या आयकुडीच्या अमर सेवा संगमने त्यावर गावातली प्रशिक्षित कार्यकर्ती घरी पाठवली आणि अ‍ॅपच्या मदतीने तज्ज्ञांना तिच्या पाठीशी उभे केले. आपल्याकडे पाड्यापाड्यावर आशाताई आहेतच.

हात जिथे लागतो तिथे मात्र तो हवाच. ऑस्ट्रेलियातल्या ३२३ मुलांच्या पाहणीत खुबा सरकण्याचे प्रमाण सर्वांत सौम्य गटात शून्य होते, तर सर्वांत तीव्र गटात ९० टक्के. सुरुवातीला दुखत नाही, आणि फोनवर ते दिसणार नाही. घास अडकून ठसका लागणाऱ्या किंवा फिट येणाऱ्या मुलाची आधी समोर बसून तपासणी व्हावी. सेंटरच्या फेरीत खुब्याचा एक्स-रे, बुटांचे माप आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी, आणि पुढच्या महिन्यांसाठी आईने सांगितलेले एखादे काम ठरवून घ्यावे. नुसते हातपाय हलवून घेण्यासाठी त्या मुलाला दोन बस बदलून तिथे नेऊ नये.