हत्यार कीं हात?

नाचतां येईना, अंगण वांकडें, ही म्हण अपेशी माणसाची सबब हंसण्यावारी नेण्यासाठीं आहे. परंतु बिलियर्डचा इतिहास पाहिला म्हणजे अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें, हें आम्हांस कबूल करावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं क्यूचें, म्हणजे खेळण्याच्या काठीचें, टोंक सामान्यतः नुसतें लांकडीच असे. चेंडूच्या मध्यापासून फटका जरा ढळला कीं तें निसटे. मिंगो नांवाच्या फ्रेंच कप्तानानें त्यास चामड्याची टिकली लावली. पॅरिसच्या तुरुंगांत असतां त्यास ही युक्ति सुचली, असें सांगतात. १८०७ मध्यें तो सुटला. चामडें चेंडूस पकडी, म्हणून त्यास हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. पुढें लंडनच्या जॉन थर्स्टननें १८२६ मध्यें मेजाच्या लांकडी पृष्ठाऐवजीं पाटीचा दगड बसविला. लांकूड हवेनें वांकतें, दगड वांकत नाहीं. अंगण सरळ झालें.

मग श्रेय साधनासच द्यावें काय? चामड्याची टिकली पुढें सर्वांनाच मिळाली. मिंगोचें नांव मात्र त्याच्या फटक्यांसाठींही राहिलें. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्यें कलकत्त्यास हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले, आणि १९६४ मध्यें दूर न्यूझीलंडांत पुन्हां झाले. देश बदलला, मेज बदललें. हात तोच होता.

आमचें मत असें कीं, वाईट साधन चांगल्या हातास अडवितें, हें खरें. पण चांगलें साधन अनभ्यस्त हातास तारीत नाहीं. म्हणून घरांतील मुलानें महाग बॅट मागितली, तर आधीं त्याचा सराव पाहावा. आणि सराव दिसला, तर मात्र मोडकी बॅट त्याच्या हातीं ठेवूं नये.